‘तू मध्ये पडू नकोस’

माझी मुलगी दुसरीत आहे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी शाळेच्या व्हॅनमधून उतरल्यावर दप्तरही न काढता तिने सांगितले की, व्हॅनमधला एक मुलगा बोलताना अडखळतो, म्हणून चौथीतली दोन मुले रोज त्याची नक्कल करतात. तो ‘क-क-कर्वे पुतळा’ म्हणाला की सगळी व्हॅन तेच म्हणत हसते. त्या दिवशी बदली चालक होता आणि हसतील म्हणून मुलाने थांबा सांगितलाच नाही, त्यामुळे व्हॅन पुढे डहाणूकर कॉलनीपर्यंत गेली. मी कणीक मळत होते. “तू मध्ये पडू नकोस,” एवढेच बोलून मी तिला हातपाय धुवायला पाठवले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले तिथे हजर होती, मध्ये मात्र केवळ १९ टक्के प्रसंगांत कोणी पडले; आणि जिथे पडले, तिथे निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी तयार केलेल्या ‘किवा’ उपक्रमाचा भरही याच बघ्या मुलांवर आहे, कारण चिडवणाऱ्याला बळ मिळते ते त्यांच्या हसण्यातून.

आपण मात्र मुलांना नेमके उलटे शिकवतो. दुसऱ्याचे काही सांगायला आलेल्या मुलाला आपण ‘चोंबडेपणा करू नकोस’ म्हणून गप्प करतो. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे आणि कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणे यांतला फरक सात वर्षांच्या मुलीला कळतो, हे मला तिच्याशी दुसऱ्या दिवशी नीट बोलले तेव्हा उमगले. “त्याला कसे वाटले असेल?” या प्रश्नावर तिने “वाईट” असे पाठ केलेले उत्तर दिले. मग मी विचारले, “थांबा मागे गेला तेव्हा त्याला खिडकीतून काय दिसले असेल?” ती बराच वेळ गप्प राहिली. “त्याची आजी,” ती म्हणाली, “छत्री घेऊन उभी होती.”

चौथीतल्या मुलांना दटावण्याचे धैर्य तिच्यात नाही आणि तशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. हसायचे नाही, त्याच्या शेजारी बसायचे आणि पुन्हा तसे झाले तर मोठ्यांना सांगायचे, एवढे आम्ही ठरवले. मी व्हॅनकाकांशी आणि वर्गशिक्षिकेशी बोलले. हसणे अजून पूर्ण थांबलेले नाही. पण अडखळणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये, हे तिने पक्के लक्षात ठेवले आहे; थांबा जवळ आला की ती त्याच्याकडे बघत गप्प बसते आणि त्याचे ‘कर्वे पुतळा’ पूर्ण होईपर्यंत व्हॅनकाका गाडी कडेला लावून थांबतात.