चार ग्लास, तीन बाटल्या

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी टेस्टिंग रूम सांभाळतो. आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखायला द्यायची, ग्लास धरायचा कसा, हुंगायचा कसा ते दाखवायचं आणि जाताना दोन बाटल्या गळ्यात मारायच्या, हे माझं काम. “खरं सांगा, महागड्या वाइनमध्ये एवढं असतं काय?” हा प्रश्न रोजचाच. उत्तर मी समोरच्याचा चेहरा बघून देतो.

फेब्रुवारीत पुण्याच्या एका कंपनीतली मंडळी सहकुटुंब आली. हंगाम ऐन भरात होता. बाहेर द्राक्षांचे क्रेट उतरत होते आणि आंबूस वास पार आतपर्यंत येत होता. त्यांच्या साहेबांनी सोबत एक फ्रेंच बाटली आणली होती. बोर्दोची, साडेचार हजारांची. किंमत त्यांनी न विचारताच सांगितली. “आज होऊनच जाऊ दे. तुमची आणि ही, शेजारी शेजारी.”

मॅनेजरची परवानगी काढली. म्हटलं, लावायचीच आहे तर झाकून लावू. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या तरी मान दिसते, आणि आमच्या स्वस्त रेडचं फिरकीचं झाकण लांबूनही ओळखू येतं. म्हणून ग्लास आतल्या खोलीतच भरले. त्याआधी बाटल्या सारख्या गार केल्या, १७ अंशांच्या आसपास. रेड फार गार झाली की तुरटपणा वर येतो, कोमट राहिली की अल्कोहोल नाकात जातं. मग चाखणाऱ्याचा निकाल वाइनवर न लागता फ्रीजवर लागतो.

प्रत्येकापुढे चार ग्लास. पहिल्यात आमची साडेपाचशेची साधी रेड, दुसऱ्यात आमचीच पंधराशेची रिझर्व्ह शिराझ, तिसऱ्यात साहेबांची फ्रेंच. चौथ्यात पुन्हा साडेपाचशेचीच. हे शेवटचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

साहेबांनी चौथ्या ग्लासला पहिला नंबर दिला आणि पहिल्या ग्लासला शेवटचा. चौथ्यापुढे लिहिलं, ‘क्लासिक’. पहिल्यापुढे, ‘पाणचट’. बाकीच्यांचंही फार वेगळं नव्हतं. तिसरा बहुतेकांना नको झाला होता. एक जण म्हणाला, अर्धं कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ झाली. चौथ्याचं भाग्य उजळलं ते त्यामुळेच. तुरट फ्रेंचवर तीच साधी रेड गोड, मऊ लागली. क्रम बदलला असता तर निकालही बदलला असता.

एका कोपऱ्यात त्यांच्यातल्या एकाची बायको बसली होती. सगळे तिला वहिनी म्हणत होते. ती प्रत्येक घोट ‘सुर्र’ असा मोठ्याने आवाज करून ओढायची, तोंडात फिरवायची आणि सरळ बादलीत थुंकायची. बादली आम्ही त्यासाठीच ठेवतो, पण तिला हात लावणारा पाहुणा विरळाच. पोरंटोरं खिदळत होती. वहिनींचा कागद वाचला आणि मी चाट पडलो. ‘१ आणि ४ एकच. २ लाकूड, व्हॅनिला. ३ सर्वांत चांगली, चव खूप वेळ टिकते. आवडली नाही.’

वहिनी चहाच्या कंपनीत टी-टेस्टर निघाल्या. वाइन त्यांनी तोवर फारशी प्यायलेलीही नव्हती.

“आवडली नाही, मग चांगली कशी?” साहेबांनी विचारलं.

“अहो, मला घरी कडक, दूध घातलेला सीटीसी, म्हणजे साधा दाणेदार चहाच लागतो. म्हणून लिलावात दार्जिलिंगला कमी भाव लावला तर नोकरी जाईल माझी.”

मग मला बोलायला जागा मिळाली. वहिनींना लागलेलं लाकूड खरंच लाकूड होतं; रिझर्व्ह ओकच्या लाकडी पिंपात मुरते. फ्रेंच ओकचं २२५ लिटरचं नवं पिंप इथे येईस्तोवर लाखाच्या आसपास जातं. त्यात बाटल्या भरतात ३००. पिंप तीन-चार हंगाम वापरता येतं, पण तेवढा काळ पैसाही अडकतो. वर रिझर्व्हसाठी वेलीवरचे घड आधीच विरळ करतात, म्हणजे एकरी माल कमी. पाचशेची बाटली पंधराशेला जाते, त्यातला बराचसा फरक असा बोट ठेवून दाखवता येतो. पंधराशेपासून साडेचार हजारांपर्यंतच्या फरकात मात्र पिंपापेक्षा सरकारचा वाटा मोठा. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं, त्यावर राज्याचे कर, आयातदार, दुकानदार. साहेबांनी बोर्दोपेक्षा बंदराचेच पैसे जास्त मोजले होते, असं माझं मत. त्यांच्यासमोर जरा गोडीने सांगितलं इतकंच.

फ्रेंच बाटलीवर अन्यायही झाला होता. कोवळी, टॅनिनने, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याने, भरलेली वाइन उघडल्या उघडल्या रिकाम्या पोटी प्यायला दिली की अशीच लागणार. दुपारी जेवायला मटण होतं. उरलेली फ्रेंच तोवर तास-दीड तास जगमध्ये उघडी ठेवली होती. मटणातल्या चरबीने आणि प्रथिनांनी टॅनिनची धार मोडली, आणि सकाळी नाकं मुरडणाऱ्यांनीच जग रिकामा केला. साडेपाचशेची त्या रश्श्यापुढे कुठल्या कुठे हरवली.

जेवताना मी त्यांना अमेरिकेतल्या दोन अभ्यासांबद्दल सांगितलं, दोन्ही २००८ साली छापलेले. एकात झाकून चाखलेल्या सहा हजारांहून जास्त ग्लासांचा हिशेब मांडला होता; वाइनचं शिक्षण नसलेल्यांना महागडी वाइन किंचित कमीच आवडली, शिकलेल्यांचा कल मात्र तिच्याकडे दिसला. दुसऱ्यात एकच वाइन दहा डॉलरची म्हणून पाजली आणि नव्वद डॉलरची म्हणूनही. नव्वदची जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाची नोंद घेणारा भागही तिला जास्त उजळला. लोक शायनिंग मारत नव्हते, त्यांना ती खरोखरच जास्त छान लागत होती.

साहेब बराच वेळ गप्प होते. निघताना काउंटरपाशी आले. घरी प्यायला साडेपाचशेचा अख्खा बॉक्स घेतला. मग हळूच विचारलं, “पुढच्या आठवड्यात आमचे डायरेक्टर जेवायला येतायत. त्यांना काय देऊ?”

मी रिझर्व्हकडे हात नेला, तोच मागून वहिनी म्हणाल्या, “त्यांना ती फ्रेंचच आणा दुसरी. आणि किंमत सांगायला विसरू नका.”

साहेब हसले. रिझर्व्हची बाटली मी परत शेल्फवर ठेवली. माझा तेवढा सेल बुडाला.