पडलो, पण धडधाकट आहे

आज गाडीवरून पडलो. वेग म्हणाल तर पायी चालणाऱ्याच्या जरा पुढे. वळणावर बारीक खडी पसरलेली, पुढचं चाक सरकलं आणि काय होतंय हे कळायच्या आत मी आडवा.

पडताना हात आपोआप पुढे जातात, ते कुणी शिकवावं लागत नाही. उजव्या हातमोज्याचं तळव्याकडचं चामडं पार खरवडून निघालंय, शिवण उसवलीय, एक खडा अजून त्यात रुतून बसलाय. आतली कातडी मात्र शाबूत. गुडघ्याच्या गार्डवर लांबलचक ओरखडा. गुडघा नुसता ठणकतोय.

हेल्मेटही आपटलं, कानाच्या वर. "एवढ्याशा स्पीडला कशाला हवंय" म्हणणाऱ्यांनो, डोकं खाली येतं ते आपल्या उंचीवरून, गाडी उभी असली तरी ती उंची तेवढीच. आता हेल्मेट बदलणार. वरून फक्त चरा दिसतो, पण आतला फोमचा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि दबलाय की नाही हे बाहेरून कळत नाही. खर्च आहे, चरफडत करीन.

ब्रेकचा लिव्हर वाकलाय, इंडिकेटर लोंबकळतोय. खरं सांगू? गुडघ्यापेक्षा त्याचंच जास्त दुखतंय.