उणे 23.9 आणि मालीमची जेटी

31 ऑगस्ट 2020. संध्याकाळी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं पत्रक आलं: एप्रिल ते जून तिमाहीत जीडीपी उणे 23.9 टक्के. पणजीतल्या आमच्या वृत्तवाहिनीच्या डेस्कवरून पडद्याखालची पहिली पट्टी मिनिटभरात सुटली, ती चुकीचीच. 'विकासदर 23.9 टक्क्यांनी घसरला.' आदल्या वर्षी याच तिमाहीचा विकासदर 5.2 होता. तो 23.9 अंकांनी घसरला असता तर उणे 18.7 झाला असता. 23.9 टक्क्यांनी घटला होता जीडीपी. विकासदर उणे 23.9 'वर' गेला होता. 'नी' आणि 'वर', बस्स! घाईत बोट चुकतं ते नेमकं इथेच. पट्टी उतरवेपर्यंत तिच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या होत्या.

मग ग्राफिक्सची प्लेट, म्हणजे पडद्यावर दाखवायची आकृती, आली. स्थिर किमतींना (महागाई वगळून) 35.35 लाख कोटींवरून 26.90 लाख कोटी, दोन उभे खांब. पोराने खांब शून्याऐवजी 20 पासून सुरू केले होते, 'नाहीतर फरक दिसत नाही' म्हणून. त्यामुळे दुसरा खांब पहिल्याच्या निम्म्याहून बुटका दिसत होता, म्हणजे पडद्यावर पडझड पंचावन्न टक्क्यांची. 24 टक्के काय कमी झाले? शून्यापासून काढायला लावले.

तेवढ्यात शेजारच्या टीव्हीवर एका वाहिनीने अमेरिकेचे उणे 31.7 लावून 'आपण बरे' असा सूर धरला. अमेरिकेचा आकडा वार्षिक केलेला असतो: एका तिमाहीतली घसरण चारही तिमाह्या तशीच चालली तर काय होईल, हा हिशेब. मूळ घसरण साधारण 9 टक्क्यांची. आपला आकडा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडलेला. दोन्ही एका प्लेटवर बसतच नाहीत. तुलनेची प्लेट मी रद्दच केली. 'मंदी' हा शब्दही अँकरच्या ओळींतून काढला. रूढ व्याख्येला लागोपाठ दोन तिमाह्यांची घट लागते. दुसरी, उणे 7.5, नोव्हेंबरात जाहीर झाली.

खरा घोळ दृश्यांचा. व्हीओखाली, म्हणजे निवेदनाच्या आवाजाखाली, कळंगुटचा रिकामा किनारा आणि मालीमच्या जेटीवर दाटीने बांधलेले ट्रॉलर लावले होते. बघणाऱ्याला वाटणार, बघा, धंदा बसला. पण किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, शॅक, पावसात दरवर्षीच मोडून ठेवतात. आणि जेटीचं फुटेज जूनचं, म्हणजे 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीतलं. ते कुठल्याही सालचं जून असतं तरी तसंच दिसलं असतं. आकडा दिल्लीचा, चित्र आमच्या आषाढाचं! गोव्यातल्या प्रेक्षकाला हे एका नजरेत कळतं, आणि मग तो आकड्यावरही विश्वास ठेवत नाही. दोन्ही शॉट काढले. त्याऐवजी टॅक्सी स्टँडवरचा त्याच दिवशीचा बाईट, म्हणजे चालकाच्या बोलण्याचा तुकडा, घेतला: कोकणीत 'गिरायक ना' (गिऱ्हाईक नाही), एवढंच, खाली मराठी ओळ. फाईल फुटेज जिथे ठेवलं तिथे कोपऱ्यात 'संग्रहित' टाकलं, महिन्यासकट.

'गोव्याचा आकडा किती?' हा फोन प्रत्येक वेळी येतो. राज्याचा जीडीपी तिमाहीगणिक जाहीर होत नाही. व्यापार, हॉटेल, वाहतूक उणे 47 हा देशाचा आकडा. त्याला 'गोव्यातील हॉटेल व्यवसाय निम्म्यावर' हे शीर्षक चिकटवायचा मोह प्रत्येकालाच होतो. शिवाय आमच्याकडे खाणी तेव्हा 2018च्या मार्चपासूनच बंद होत्या. त्या घसरणीचं खापर लॉकडाऊनवर फोडता येत नाही. लिहायचं तर दोन वाक्यांत वेगळं लिहावं लागतं, आणि दोन वाक्यांना बुलेटिनमध्ये जागा नसते.

थोड्याच वेळात प्रणब मुखर्जी गेल्याची बातमी आली. माजी राष्ट्रपती, त्याआधी अर्थमंत्री. सगळा रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम, त्यांच्याकडे वळला आणि जीडीपी पट्टीवर उरला. पट्टीत 'मागील वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत' हे शब्द बसेनात. ग्राफिक्सवाला म्हणाला, 'तुलनेत' काढूया. मी 'ब्रेकिंग' काढलं.