हँडल जरा डावीकडे

दुपारी जेवल्यावर तासभर आडवं व्हायचं, हा आमच्या घरात बिनतक्रार पाळला जाणारा एकमेव नियम. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो एका आवाजानं मोडला. बाहेर सोप्यात पुतण्या मांडी घालून बसला होता आणि पुढ्यात त्याची रिमोटची गाडी. रिमोटची गाडी म्हटल्यावर माझ्या पिढीला जे आठवतं ते हे नव्हे. पुढे सरळ जायची आणि मागे घेतली की आपोआप वळायची, अशी गाडी आम्ही गणपतीतल्या जत्रेत बघितलेली; वळायचं असेल तर आधी माघार घ्यायची, असा तिचा खाक्या. हा मॉन्स्टर ट्रक. आठ-नऊ किलोचं धूड, वीतभर उंचीची चाकं. पुतण्या रिमोटवरून चाकं डावीकडे मारत होता, ती निम्मी वळून फरशीवर अडत होती आणि आतून बारीक, चिवट ‘गुंईंऽऽ’ चालू होतं.

“काका, सर्व्होत दमच नाही. बदलायला लागणार.”

“गाडी तर नवी ना रे?”

“नवीच की. मोटर एक नंबर आहे. वळवायच्या ठिकाणी हात आखडलाय त्यांनी.”

झोप गेलीच होती. चष्मा लावून मीही फरशीवर बसलो.

सर्व्हो ही पुढची चाकं वळवणारी, साधारण चार सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद अशी डबी. मोठ्या गाड्यांना याहून थोराड येते. आत एक छोटी मोटर, दात्यांच्या चकत्यांची उतरंड, आणि बाहेर निघणाऱ्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तोच. रिमोटचा हुकूम सेकंदाला पन्नासेक वेळा येतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सरळ, एकाकडे सरकला तर एका अंगाला, दोनाकडे सरकला तर दुसऱ्या. पोटेन्शिओमीटर सांगतो की दांडा प्रत्यक्षात कुठवर पोचलाय. आतली सर्किटची पाटी दोन्ही ताडून बघते आणि फरक मिटेपर्यंत मोटर रेटत राहते. फरक मिटला की गप्प. म्हणजे ते ‘गुंईं’ काय होतं, तर सांगितलेलं काम अजून झालेलं नाही, याचा आवाज. आमच्या घरी हे खातं आईकडे असायचं. दळण आणायला सांगितलं की डबा घेऊन मी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत तिची गुणगुण थांबायची नाही.

ही युक्ती मुळात सुकाणूसाठीच निघाली, हे मला आवडतं. वाऱ्यावादळात मोठ्या जहाजाचं चाक धरायला माणसांची रांग लागायची. १८६६ मध्ये जॉन मॅकफार्लेन ग्रे या इंजिनिअरनं वाफेवर चालणाऱ्या सुकाणूयंत्राचं पेटंट घेतलं आणि ते ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजावर बसलं. माणसानं चाक फिरवायचं, इंजिनानं सुकाणू तेवढंच वळवायचं आणि तिथं पोचलं की स्वतःहून थांबायचं. थांबायचं कधी ते कळणं, यातच सगळी करामत.

आमच्या एसटीला हे सुख फार उशिरा मिळालं. कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना ड्रायव्हरमागच्या बाकावर बसायला मी धडपडायचो ते दरीसाठी नव्हे. वळण आलं की तो सीटवरून अर्धा उठायचा, अख्खं अंग त्या परातीवर टाकायचा, वळण संपलं की चाक तळव्यांतून सुळकन उलटं सुटू द्यायचा आणि नेमकं सरळ आल्यावर धरायचा. गाडी किती पळते याचं मला कधी कौतुक वाटलं नाही. पळायला काय, उतार असला की दगडसुद्धा पळतो.

नवा सर्व्हो पुतण्यानं पुण्याहूनच आणला होता. डब्यावर ठळक लिहिलेलं, ६० किलो. मी म्हटलं, एवढीशी डबी साठ किलो काय उचलतीय. पण हिशेब किलो-सेंटिमीटरचा असतो. दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर साठ किलो, दोन सेंटिमीटरवर तीस, आणि त्यातही ते साठ ८.४ व्होल्टला. त्याच्या गाडीत सर्व्होकडे जेमतेम सहा व्होल्ट यायचे. तेवढ्यावर हा पठ्ठ्या डब्यावरचा आकडा काय दाखवणार! शिवाय अडलेल्या चाकाला रेटताना सर्व्हो करंट असा ओढतो की रिमोटचा हुकूम झेलणाऱ्या रिसीव्हरचाच जीव जातो आणि भर वळणावर गाडी मुकी होते. म्हणून त्यानं वेगळा बीईसी आणलेला. त्याचं काम एवढंच, गाडीच्या लिपो बॅटरीतून वीज घ्यायची आणि सर्व्हो-रिसीव्हरला नेमके ७.४ व्होल्ट द्यायचे. मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी आजवर सर्व्होलाही वीज द्यायचा; त्याची लाल वायर त्यानं पिनेच्या टोकानं कनेक्टरातून अलगद सोडवली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि मागे दुमडून ठेवली. दोन्हीकडून वीज एकत्र यायला नको. पोराचा हात चांगला आहे. आमच्या घराण्यात तो कुठून आला, ठाऊक नाही.

सर्व्हो बसला, चारी स्क्रू आवळले, आणि मग माझ्या आवडीचं काम आलं. हॉर्न बसवायचं. हॉर्न म्हणजे सर्व्होच्या दांड्यावर बसणारी दांडी. तीच पुढे चाकांचे दुवे ओढते-ढकलते. दांड्याला पंचवीस दाते, हॉर्नच्या भोकालाही पंचवीस. आधी सगळं चालू करून सर्व्होला मध्यावर येऊ द्यायचं, मग हॉर्न काटकोनात बसवायचं. ऐकायला सोपं. पण पंचवीस दाते म्हणजे एका दात्याला १४.४ अंश. मी बसवलं तर हॉर्न तसूभर डावीकडे. एक दाता सरकवलं तर उजवीकडे. मध्ये जागाच नाही. काढलं, बोटानं पुसलं, पुन्हा बसवलं. तसूभर डावीकडे.

“राहू दे काका, सबट्रिम देऊ.”

सबट्रिम म्हणजे रिमोटलाच सांगून टाकायचं की बाबा, हे जे थोडं वाकडं आहे ना, यालाच सरळ म्हण. बटण दाबत गेलं की हॉर्न कणाकणानं सरकतं आणि जागेवर येतं. शास्त्रशुद्ध आहे, सगळे करतात. मला मात्र ते गैरसोयीचं वाटतं. वाकड्याला सरळ म्हणायला लागून आयुष्य गेलेल्या एका सायकलवर मी सायकल शिकलो.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात लिहिणावळीला होते. त्यांची काळी चोवीस इंची सायकल. मुठी हळदीनं पिवळ्या पडलेल्या, कितीही धुवा. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी राजवाडा चौकात ती टांग्याला घासली आणि हँडल डावीकडे फिरलं. फार नाही, दोन बोटं. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून एक हिसका दिला असता तर क्षणात सरळ झालं असतं. कुठल्याही सायकलवाल्यानं पैसे न घेता केलं असतं. वडिलांनी दिला नाही. ‘चाललंय की,’ म्हणायचे. त्या वाकड्या हँडलानं ते रोज यार्डात गेले आणि रोज सरळ रेषेत परत आले.

मी आमराईच्या बाजूच्या रस्त्यावर आधी हाफ पायडल, मग नळीवरून, मग सीटवर, असा त्याच सायकलवर चढत गेलो. मनगटांना तेच सरळ वाटायला लागलं. मग एका मित्रानं त्याची कोरी सायकल एक चक्कर मारायला दिली. हँडल अगदी काटकोनात. मी ऐटीत निघालो आणि थेट डावीकडच्या गटारीत. मित्र म्हणाला, ‘याला सायकल येत नाही.’ माझी बाजू मांडायला माझ्याकडे शब्दच नव्हते. सबट्रिम हा शब्द तेव्हा सांगलीत आला नव्हता.

पुढे वडील रिटायर झाल्यावर चुलत्यांनी एके सकाळी, चांगलं करायच्या हेतूनंच, ते हँडल सरळ करून टाकलं. वडील तिच्यावर बसून कोपऱ्यापर्यंत गेले आणि सायकल हातात धरून चालत परत आले. काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांना मंडईला जायचं असलं की रिक्षा सांगायला लागायची.

असो. स्क्रू ढिला पडू नये म्हणून लावतात ते निळं थ्रेडलॉक थेंबभर लावून हॉर्नचा स्क्रू आवळला आणि पुतण्यानं सबट्रिम दिलं. मी तोंड बंद ठेवलं. संध्याकाळी आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडीच्या बाजूला चुलत्यांच्या रानात गेलो. ऊस नुकताच तुटलेला, पाचटाखाली काळी माती अजून ओलसर. अशा मातीत चाकाला चिकटणारा गोळाच दोन-चारशे ग्रॅमचा. जुना सर्व्हो इथं रडला असता. नवा वळवत होता, पण पुतण्याच्या मनासारखं नव्हे. बसून बघितल्यावर कळलं की अडतंय ते सर्व्हो सेव्हरमध्ये. सर्व्हो आणि चाकं यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते. चाक दगडावर आपटलं की तो दणका दात्यांपर्यंत जाऊ नये म्हणून ती दबते. ताकदवान सर्व्होपुढे ती आधीच दबायला लागलेली. स्प्रिंगवरची चाकी दोन आटे आवळली, झालं. पूर्ण आवळायची नसते. मग दणका सरळ दात्यांवर.

तेवढ्यात रस्त्याकडेला एक ट्रॅक्टर थांबला. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, इतक्या भरलेल्या की पुढची चाकं जमिनीला टेकल्यासारखी दाखवत होती इतकंच. ड्रायव्हर उतरून आला.

“किती पळती?”

सगळे हेच विचारतात. मी त्याला विचारलं, एवढ्या ओझ्यानं पुढचं हलकं झाल्यावर स्टिअरिंग लागतं का? तो हसला. “स्टेरिंग कुठलं लागतंय. डाव्या-उजव्या ब्रेकावर वळवायचा.” मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, ज्या अंगाला वळायचं तो दाबायचा. आयुष्यभर असे ट्रॅक्टर बघतोय, आणि हे लोक पायानं वळतात हे कधी डोक्यात आलं नाही.

पुतण्यानं मोठ्या मनानं रिमोट त्याच्या हातात दिला. जाताना ट्रक छान गेला. लांब जाऊन वळला, आमच्याकडे तोंड करून निघाला आणि ड्रायव्हरची गाळण उडाली. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की तिचं डावं ते आपलं उजवं होतं. हा डावीकडे मारतोय, ती उजवीकडे जातेय, आणखी मारतोय, ती आणखी जातेय.

“मामा, आत बसलोय असं समजा!” पुतण्या ओरडला.

ट्रक सरीत जाऊन उलटा पडला, चाकं वर करून फिरत राहिला. ड्रायव्हरनं रिमोट परत दिला, पायातल्या चपलेची माती झाडली आणि म्हणाला, “आत बसल्यावर वळतंय की ओ कुणीबी. बाहेर हुबारून वळवायचं म्हंजे पोरांच्या लग्नासारखं झालं.”