कोण कुठे बसलंय?

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात वाक्यांच्या साच्यांचं एक पान हमखास असतं: एस व्ही, एस व्ही ओ, एस व्ही सी... बघताच बीजगणित आठवून धडकी भरावी असं. एस म्हणजे कर्ता, व्ही क्रियापद, ओ कर्म आणि सी पूरक, म्हणजे कर्ता किंवा कर्म कोण वा कसं आहे हे सांगणारा शब्द. मला मात्र ते पान आवडतं. बाकीच्या नियमांमागे अपवादांची शेपटी असते. इथे पाच-सात साच्यांत बहुतेक साधी वाक्यं मावतात.

आपल्याला शब्द हवे तसे मागेपुढे करायची सवय. 'मांजराने उंदराला पकडलं' म्हणा नाहीतर 'उंदराला पकडलं मांजराने', उंदराची काही सुटका नाही. 'ने' आणि 'ला' त्याला सोडत नाहीत. इंग्रजीत 'द कॅट कॉट द माउस'मधल्या दोघांची अदलाबदल केली, की मांजरच उंदराच्या तावडीत! जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे जागेवरून ओळखायची वेळ आली. कर्त्याची जागा तर रिकामी ठेवायची सोयच नाही. आपण नुसतं 'उजाडलं' म्हणून मोकळे होतो. त्यांना पाऊस पडला तरी 'इट इज रेनिंग' म्हणत एक 'इट' आणून बसवावा लागतो.

साचा ठरवतं क्रियापद. 'स्लीप'चं एकट्या कर्त्यावर भागतं. 'पुट' मात्र भलतंच हट्टी. 'शी पुट द बुक' म्हणून थांबलात, तर ऐकणारा ताटकळतो: अहो, ठेवलं कुठे? 'ऑन द टेबल' म्हटल्याशिवाय सुटका नाही.

१९०४ साली इंग्रज व्याकरणकार सी. टी. अनियन्स यांनी असे पाच साचे मांडले. १९५४च्या पुस्तकात कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी क्रियापदांचे २५ दिले. पंचवीस कोशकारांना लखलाभ, शिकणाऱ्याला सात पुरेत.

खरी गंमत दोन साचे वरून सारखे दिसतात तेव्हा. 'कॉल मी अ टॅक्सी' म्हटल्यावर 'ऑल राइट, यू आर अ टॅक्सी' हे उत्तर म्हणजे जुनाच विनोद. बोलणाऱ्याच्या मनात दोन कर्मं आहेत: टॅक्सी आणि ती ज्याच्यासाठी बोलवायची तो. ऐकणाऱ्याने खोडसाळपणे 'मी'ला कर्म आणि 'टॅक्सी'ला त्याचं पूरक केलं, म्हणजे 'मला टॅक्सी म्हण'. शब्द तेच, क्रम तोच. 'कॉल अ टॅक्सी फॉर मी' म्हणून बघा, विनोद तिथेच बारगळतो.