तुम्ही विचारलंत म्हणून: देव मानत नाही, मग ज्ञानेश्वरी कशाला?

“देव मानत नाहीस ना, मग स्टेटसला सारखी ज्ञानेश्वरी नि बहिणाबाई कशाला?” लग्नात, दहाव्याला, रावेरच्या बसस्टँडवर, कुठंही भेटा, हेच. आजवर हसून टाळलं.

बहिणाबाईंचं सोपंय. ‘देव अजब गारुडी’त बियाणं धरित्रीच्या कुशीत निजतं, वरची माती शाल पांघरल्यासारखी. ज्यानं पेरलंय त्याला यात खोटं काय वाटणार? 1951 ला त्या गेल्या, पुस्तक 1952 ला आलं, लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना. गारुडी त्यांचा असेल, माती माझीपण आहे.

अडचण ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाची आहे, जिथं कृष्ण अर्जुनाला आपलं विश्वरूप दाखवतो. कॉलेजात मी ठासून सांगायचो की विश्वरूप म्हणजे भीतीला घातलेले दागिने, राजाची खुशामत तशी देवाची. मग ती जूनची संध्याकाळ. तीन एकर केळीची बाग, पाच हजारावर खोडं, घड कापणीला आलेले, व्यापाऱ्याशी बोलणंही झालेलं, आणि वारा सुटला तो जेमतेम वीस मिनिटं. आम्ही पंपाच्या खोलीत. बाहेर आधी पानं फाटल्याचा आवाज, मग खोडं मोडायचा, एकामागून एक, शेवटी शेवटी तर वेगळा आवाजच नाही, सगळा एकच. थांबल्यावर बाहेर आलो तर पलीकडच्या बांधावरचा निंब दिसत होता, जो बागेमुळे वर्षभर दिसला नव्हता. आप्पा चिखलात उभे, म्हणाले, “अर्जुन उगाच नाही घाबरला.” मी भडकलो. पंचनाम्याचं बघा म्हटलं, फार वाईट बोललो, ते इथं लिहीत नाही.

लोकांना वाटतं त्या वादळानं मी नास्तिक झालो. उलटंय हो, नास्तिक आधीपासूनच होतो, त्या दिवशी मला अकरावा अध्याय कळला. अर्जुन शेवटी हात जोडून म्हणतो ना, ते आधीचं चतुर्भुज रूपच दाखव, तो माणूस खुशामत करत नाहीये, त्याला सहन होत नाहीये. म्हणजे मी मानायला लागलो का? नाही. मग रात्री वाचताना अंगावर काटा का येतो? माहीत नाही, आणि दरवेळी हिशोब देणारही नाही.

मागं आप्पांना नासदीय सूक्त वाचून दाखवलं, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं. सृष्टी कुठून आली हे वरून बघणाऱ्यालाच माहीत, किंवा त्यालाही नसेल, असा त्याचा शेवट. वाटलं, आता जिंकलो.

आप्पा चहा फुंकत म्हणाले, “त्यालेच मालूम नसीन तं मले कशाले इचारतो? जाय, मोटर चालू कर.”