ढेप्याचं बिल: गोळ्या ३४०, गाडी ६,४००

आमच्या कुत्र्याचं नाव ढेप्या. चार वर्षांआधी सरकी-ढेपेच्या रिकाम्या पोत्यात येऊन झोपला होता, हाताएवढं पिल्लू, कोणी आणून सोडलं काय माहीत, तेव्हापासून ढेप्याच. जातबित काही नाही, गावठी. पण जागलीला मी याच्याशिवाय वावरात जात नाही, हरभऱ्यात डुकरं शिरली की मला टॉर्च सापडायच्या आत याचं भुंकणं सुरू झालेलं असतं आणि रोही (नीलगायी) तर याचा आवाज ऐकूनच धुऱ्यावरून परत फिरतात (नेहमी नाही, पण बरेचदा).

२०२४ च्या दिवाळीनंतर ऐन वेचणीत यानं खाणं सोडलं. दोन दिवस मी लक्षच दिलं नाही, खरं सांगतो, मजूर मिळत नव्हते, कापूस बोंडातून लोंबत होता, कुत्र्याकडं कोण पाहते. तिसऱ्या दिवशी हात लावला तर अंग तापलेलं. घरात अंगदुखीची गोळी होती, डायक्लोफिनॅकवाली, बाबा गुडघ्यासाठी घेतात ती, अर्धी भाकरीत कुस्करून दिली. याबद्दल नंतर जे ऐकून घेतलं ते पुढं सांगतो.

मग फटफटीवर पोत्यात गुंडाळून तालुक्याला नेलं, २२ किलोमीटर. ढोरायच्या दवाखान्यात साहेब नव्हते, लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणाला दौऱ्यावर. तिथूनच एकानं एका खासगीवाल्याचा पत्ता दिला, त्यानं दोन इंजेक्शनं टोचली, एक टॉनिक दिलं, ७५० घेतले. काय झालं विचारलं तर म्हणे इन्फेक्शन आहे. बरं. चार दिवस ढेप्या उठला, फिरला, भाकर खाल्ली, आम्ही निवांत. पाचव्या दिवशी सकाळी सारवलेल्या अंगणात रक्ताचे थेंब, नाकातून गळत होतं. शेजारचे काका म्हणाले, "कोण्या पोट्ट्यानं गोटा मारला असन." मलाही तसंच वाटलं.

रक्त तपासावं म्हणून तालुक्याच्या लॅबमध्ये फोन लावला तर तिथला भाऊ हसला, म्हणे कुत्र्याचं नाही करत जी. त्याचंही बरोबर आहे म्हणा, माणसांच्या मशीनवर कुत्र्याचा रिपोर्ट बरोबर येईलच असं नाही. मग गावातल्याच एकाची गाडी केली, जाऊन-येऊन ३,२०० ठरले, आणि गेलो नागपूरला. गाडी चौकातून निघताना पारावरून आवाज आलाच, "काहून बे, कुत्र्याले गाडी करून नेऊन रायला? गेल्या वर्षी बुढ्याले तं यष्टीनं नेलं होतं!" सगळे हसले. मी काच वर केली.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पहिले त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक. मग कान उलटा केला, आतमध्ये गोचिड्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या काही आणि काही फुगून चिंचोक्याएवढ्या. रक्त घेतलं, प्लेटलेट २२ हजार. डेंगूमुळं हा शब्द आता आमच्या गावात म्हाताऱ्या बायांनाही पाठ आहे, पण कुत्र्यालाही प्लेटलेट असतात आणि त्या दोन लाखांच्या वर पाहिजे हे मला तिथं कळलं. गोचीड ताप. एर्लिकिया नावाचा जंतू, गोचीड चावली की रक्तात जातो, पांढऱ्या पेशींत घर करतो, प्लेटलेट पाडतो, म्हणून नाकातून रक्त. कोणी गोटाबिटा मारला नव्हता.

मग मी गोळीचं सांगितलं. मॅडम दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत आणि मग जे बोलल्या ते कंपाउंडरनंही ऐकलं. कुत्र्याच्या पोटात त्या गोळीनं जखमा होतात, रक्तस्राव होतो, आणि इथं तर रक्त गोठायला प्लेटलेटच नाहीत. वरून म्हणाल्या की हे औषध गिधाडांपायी २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. मेलेल्या ढोरात उरलेल्या औषधानं गिधाडं मरत होती. आमच्या गावाबाहेर ढोरं टाकायची जागा आहे, लहानपणी तिथं गिधाडांचा थवा बसायचा, आता कावळे अन् कुत्रे. हे दोन्ही आजवर मी एकत्र लावूनच पाहिलं नव्हतं.

आता हिशेब. तालुक्याचे ७५०. नागपूरला तपासणी ५००, रक्त ६००, गोचीड ताप तपासायची किट १,२००, सलाईन-इंजेक्शनं १,४००. पंधरा दिवसांनी परत दाखवायला गेलो त्याचे ९००. गोचिड्या मारायचं मानेवर टाकायचं औषध आणि रक्तवाढीचं सिरप मिळून १,१३०. गाडीच्या दोन फेऱ्या, ६,४००. आणि ज्या औषधानं तो खरा उठला ते डॉक्सिसायक्लिन, सकाळ-संध्याकाळ एक, २८ दिवस, आपल्याच मेडिकलमध्ये मिळते ते, ५६ गोळ्यांचे ३४० रुपये. टोटल १३,२२०. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता आणि आम्ही खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, विकला ६,९०० नं, म्हणजे जवळपास दोन क्विंटल कापूस ढेप्यानं खाल्ला. आणि त्यातला निम्मा डिझेलमध्ये जळाला, पहिल्याच दिवशी तालुक्यात कोणी काचेवर रक्ताचा थेंब घेऊन पाहिला असता तर कदाचित हजाराच्या आत भागलं असतं. मी पहिले दोन दिवस घालवले ते वेगळंच.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात येऊन फुकट लस टोचून गेले, आमच्या दोन्ही बैलांना दिली, चांगलंच झालं. पोळ्याला झूल, बाशिंग, घुंगरू, कोणी हिशेब विचारत नाही. कुत्र्याचा खर्च मात्र लपवावा लागते. मी बाबांना चार हजार सांगितले. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी जेवताना सहज म्हणाले, "गाडीवाला तं म्हणे दोन फेऱ्यायचेच साडेसहा." घरात शांतता. मग म्हणाले, "डुकरानं मागच्या साली हरभरा किती खाल्ला होता?" आणि वरणात भाकर कुस्करत बसले.

गोठ्याचं काम अजून चालू आहे. ही गोचीड भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते, नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, भेगा बुजवून सारवायच्या अन् महिन्या-महिन्याला त्याच्या मानेवर औषध. ढोरांच्या अंगावर मारायचं औषध अंदाजानं पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालू नका बरं, कुत्रा अंग चाटते, लोळत-लाळ गाळत पडलेली कुत्री मी पाहिली आहेत.

परवा शेजारचे काका आले, तेच गोटावाले. त्यांचा काल्याही दोन दिवस उपाशी. म्हणे, "बाबू, तुह्या त्या गोळ्या उरल्या असन तं देजो दोन-चार." म्हटलं काका, उरल्या नाहीत, उरवायच्याच नसतात, अन् पहिले रक्त पाहावं लागते. बराच वेळ तंबाखू मळत उभे राहिले. मग विचारलं, "गाडी किती घेते?"

मंगळवारी जातोय. ढेप्याची प्लेटलेट परत पाहायचीच होती, या वेळी सेमिनरी हिल्सवरच्या व्हेटर्नरी कॉलेजात नेऊ म्हणतो, मॅडमनीच सांगितलं होतं तिथं फी कमी पडेल म्हणून. गाडीचे अर्धे-अर्धे. दोघं मागच्या सीटवर भांडले नाहीत म्हणजे मिळवलं.